"काय म्हणून राहिला तो?"

नागपूरच्या कुठल्याही घरी रात्री नऊच्या सुमारास गेलात तर हे वाक्य कानावर पडणारच. विचारणारी बहुधा घरातली आजी असते, नाहीतर पोळ्या आटोपून पदराला हात पुसत हॉलच्या दारात येऊन उभी राहिलेली गृहिणी. पडद्यावरचा नायक काहीतरी महत्त्वाचं बोलून गेलेला असतो, बाकीचे हसलेले असतात आणि हिला मात्र काही कळलेलं नसतं. "काय म्हणून राहिला गं तो?" उत्तरही ठरलेलं असतं, "थांब ना आई, सांगतो नंतर." ते 'नंतर' काही येत नाही. दोन-चार वेळा विचारून झालं की आजी विचारणं सोडते. मग पाहणंही सोडते आणि पोथी घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसते. आपण म्हणतो, आईंना आता टीव्हीत इंटरेस्ट राहिला नाही.

इंटरेस्ट गेलेला नसतो, मैत्रिणींनो. शब्द गेलेले असतात!

गंमत म्हणजे घरात चांगलं महागाचं होम थिएटर आलं तरी हे थांबत नाही. उलट कधी कधी वाढतं. बॉम्ब फुटला की शोकेसमधले कप थरथरतात, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं, पण हिरोईन हळू आवाजात काय म्हणाली ते कळत नाही. मग रिमोटने आवाज वाढवायचा. लगेच पुढच्या सीनमध्ये गोळीबार. मग धावत जाऊन कमी करायचा, कारण आत बाळ झोपलंय आणि खालच्या मजल्यावरचे काका उद्या लिफ्टमध्ये भेटणार आहेत. तीन तासांच्या सिनेमात रिमोटवरचा अंगठा थकून जातो.

त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. एप्रिल ते जून खिडकीत कूलर घरघरत असतो आणि त्याच हॉलमध्ये टीव्हीही असतो. पारा 45 च्या पुढे गेल्यावर सिनेमासाठी कूलर बंद करा असं कोण म्हणेल? त्या घरघरीखाली ढोल, गाणी, मारामारी सगळं ऐकू येतं, बुडतो तो फक्त बोलण्याचा आवाज. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही अडचण सांगूनही कळायची नाही.

या सगळ्यावर एक साधा आणि त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे मधला स्पीकर, ज्याला दुकानदार 'सेंटर' म्हणतात. टीव्हीच्या खाली किंवा वर, मधोमध ठेवायचा, आडवा, लांबट, दिसायला अगदी बेताचा. होम थिएटर घेताना सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे जातं. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की पैसे मोजके असतील तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात विचार करून घ्यायची वस्तू हीच. शिवाय तो निवडण्याचा अधिकार हॉलच्या कडेला बसणाऱ्या माणसाला असला पाहिजे.

कडेला बसणाऱ्याला का? ते समजायला सिनेमाचा आवाज कसा येतो ते थोडं पाहावं लागेल.

सदरच्या लिबर्टीत, स्मृतीत ज्यांनी सिनेमे पाहिले त्यांना कधी प्रश्न पडला होता का, की नट बोलतो तेव्हा आवाज त्याच्या तोंडातूनच येतो असं का वाटतं? कारण सिनेमागृहातले मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे असतात. पडद्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात, त्यातून आवाज बाहेर येतो. त्यामुळे तुम्ही डावीकडच्या शेवटच्या खुर्चीत बसा की उजवीकडच्या, बोलणं पडद्यातूनच येतं.

मधल्या स्पीकरची कल्पनाही बरीच जुनी आहे. 27 एप्रिल 1933 ला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि वॉशिंग्टनमधल्या सभागृहात श्रोते तो तारांवरून ऐकत होते. त्यासाठी त्यांनी दोन नाही, तीन स्पीकर ठेवले होते : डावा, उजवा आणि मधला. सभागृह भरलेलं असतं तेव्हा सगळेच मधोमध बसू शकत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. पुढे 1953 मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला, त्यातही पडद्यामागे तीन वेगळे आवाज होते. 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं. आपल्याकडे 1994 च्या '1942 : अ लव्ह स्टोरी'ने डॉल्बीची ओळख करून दिली. तंत्र बदलत गेलं, पण एक गोष्ट कायम राहिली. बोलणं मधल्या स्पीकरचं! आजही सिनेमाचे संवाद बहुतांशी याच एका स्पीकरसाठी मिसळलेले असतात. डाव्या-उजव्यातून संगीत आणि गाड्यांची ये-जा, मागच्यातून पाऊस नि गर्दी, सबवूफरमधून धडामधुडुम.

दुकानात '5.1' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच. पुढे तीन, मागे किंवा बाजूला दोन, असे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्या पाचातला एकच बोलका. आता सांगा, घरातली माणसं गोष्ट पाहायला बसतात की धडामधुडुम ऐकायला?

यावर कोणी म्हणेल, मधला नसला तरी काय बिघडतं? डावा-उजवा दोन्ही सारखेच बोलले की आवाज मधूनच येतो ना! येतो, अगदी खरं आहे. दोन चांगले स्पीकर सारख्या जोरात बोलले की मधोमध बसलेल्याला आवाज समोरून आल्याचा भास होतो, तिथे काहीच नसताना. पण ही जादू फक्त मधल्या जागेवर चालते. जरा उजवीकडे सरका, बोलणं उजव्या स्पीकरला जाऊन चिकटतं. नट पडद्याच्या डावीकडे उभा आणि आवाज मात्र उजव्या खिडकीतून!

आणि आपल्या घरांत मधल्या जागेवर कोण बसतं, मैत्रिणींनो? ज्याने होम थिएटर विकत आणलं तो. ज्याच्या हातात रिमोट आहे तो. आजीची खुर्ची भिंतीला लागून असते, कारण तिला पाठ टेकायला हवी असते. मुलं दिवाणावर लोळतात. घरची बाई सोफ्याच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या बाजूला बसते, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. म्हणजे मधला स्पीकर मधे बसणाऱ्यासाठी नसतोच, तो कडेला बसणाऱ्यांसाठी असतो. आणि विकत घेणाऱ्याला त्याची गरज सगळ्यात कमी जाणवते. "मला तर सगळं नीट ऐकू येतं," असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो फक्त चांगल्या जागेवर बसलेला असतो.

जुन्या वाड्यांत पुढच्या भागाला सदर म्हणत. तिथे पुरुष बसत, गप्पा, व्यवहार, सोयरिकी तिथेच ठरत आणि बाया दाराआड उभ्या राहून जे कानावर पडेल तेवढं ऐकत. वाडे गेले, फ्लॅट आले. पण हॉलच्या दारात उभं राहून अर्धवट ऐकणं काही सुटलं नाही!

आजीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. वय झालं की कान सगळ्याच आवाजांना सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, पण अर्थ असतो व्यंजनांमध्ये. स, श, च, फ, थ हे नाजूक आवाज त्या उंच पट्टीत असतात. ते निसटले की 'शाल', 'चाल', 'साल' सगळं एकच. म्हणून आजी म्हणते, "आवाज येतो गं, पण समजत नाही." ती अगदी नेमकं सांगत असते, आपण मात्र तिला बहिरी ठरवून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार साठीच्या पुढच्या चारातल्या एकापेक्षा जास्त माणसांना दैनंदिन जीवनात अडचण यावी इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे आपल्या प्रत्येकीच्या नात्यात असं कोणीतरी आहेच. आता स्पीकर म्हणजे काही कानाचं औषध नव्हे. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, तपासणी करून घ्या, गरज असेल तर मशीन घ्या. पण निदान घरातल्या वस्तूंनी तरी तिचं ऐकणं आणखी कठीण करू नये ना?

दोष सगळा कानांचा नाहीच. आजकालचे सपाट टीव्ही इतके पातळ झालेत की त्यांचे चिमुकले स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे बोलणारा आपल्याकडे पाठ करून भिंतीशी बोलतो! शिवाय सिनेमाची पद्धतही बदलली. पूर्वी नट स्टुडिओत माइकसमोर उभे राहून संवाद पुन्हा म्हणायचे, शब्द न् शब्द सुटा. 'लगान' (2001) च्या सुमारापासून आपल्याकडे शूटिंगच्या जागीच संवाद ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत हळूहळू रुळली. त्याने अभिनय खरा वाटायला लागला, पण नट घरात बोलावं तसं पुटपुटायलाही लागले. तरुण कानांनाही ते निसटतं, तिथे सत्तरीच्या कानांचं काय!

तेव्हा स्पीकर घ्यायचा तर कसा घ्यावा?

आधी पैसे न खर्च करता काय होतं ते पाहा. ज्यांच्याकडे संच आहेच त्यांनी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त 'सेंटर'चा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवावा. ही सोय बहुतेक संचांत असते आणि बहुतेक घरांत ती कधीच उघडलेली नसते. 'नाइट मोड' नावाचीही एक सोय असते. ती मोठे आवाज दाबते आणि लहान आवाज वर आणते. बाळ असलेल्या घरात हे बटण म्हणजे वरदान! मधला स्पीकर जोडलेलाच नसेल तर सेटिंगमध्ये 'सेंटर नाही' असं सांगावं लागतं. नाहीतर संच बिचारा नसलेल्या स्पीकरकडे संवाद पाठवत राहतो.

आणखी एक मेख सांगते. आपल्या मालिका, बातम्या, जुने सिनेमे बहुतेक वेळा साध्या दोन आवाजांतच येतात. संच नुसत्या 'स्टिरिओ'वर असेल तर मधला स्पीकर त्या वेळी गप्प असतो. रिमोटवरचं सराउंडचं बटण दाबून 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्या संचात 'प्रो लॉजिक' लावलं की तो बोलायला लागतो. टीव्ही आणि संच यांच्यामध्ये हेडफोनच्या पिनची वायर असेल तर तीही बदला. त्यातून दोनच आवाज जातात. पाचही हवेत तर एचडीएमआयची, टीव्हीवर 'एआरसी' लिहिलेल्या जागेतून.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर मग खरेदी.

सदरच्या रेसिडेन्सी रोडवर किंवा सीताबर्डीला, कुठेही जा. दुकानदार आधी कोणाकडे पाहून बोलतो? नवऱ्याकडे. "साहब, बास सुनिये बास!" असं म्हणत तो एक मारधाडीची क्लिप लावतो, जमीन हादरते, साहेब खूश. बाईंना विचारलंच तर एवढंच, "भाभीजी, काला चाहिये या ब्राउन?" अशा वेळी शांतपणे म्हणायचं, "भैया, बातम्या लावा." बातम्या नाहीतर एखादी मालिका. संगीत नसलेलं, नुसतं बोलणं. पुरुषाचा आवाज ऐका, बाईचा ऐका, लहान मुलाचा ऐका. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं का? नाकातून येतो का? 'स' आणि 'श' फुरफुरतात का? पाच मिनिटांत कळतं. आपल्याला आणखी कठीण परीक्षा घ्यायची असेल तर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (2022) आहेच. नागपुरातच चित्रित झालेला. त्यातली पोरं भराभर, एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तेही आपल्या नागपुरी हिंदीत. ती पोरं काय म्हणून राहिली हे समजलं तर स्पीकर पास!

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं समोर उभं राहून ऐकू नका. दोन-तीन पावलं बाजूला व्हा, घरात आजीची खुर्ची जिथे असते तितक्या कडेला, आणि तिथून ऐका. बाजारातले बहुतेक मधले स्पीकर एकाच साच्याचे असतात. आडवी पेटी, दोन टोकांना दोन मोठे गोल आणि मधे एक लहान गोल. दिसायला छान, टीव्हीखाली बसतोही नीट. पण दोन्ही मोठे गोल एकच आवाज काढतात आणि कडेला बसलेल्यापर्यंत एकाचा आवाज किंचित आधी, दुसऱ्याचा किंचित नंतर पोचतो. ते दोन्ही मग काही पट्ट्यांत एकमेकांना खोडतात. समोरून ठणठणीत वाटणारं बोलणं कडेला दबकं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी घेतला त्यालाच कमी! सगळेच असे वाईट नसतात, काहींमध्ये हा दोष बराच कमी केलेला असतो. पण पाटीवर ते लिहिलेलं नसतं, कडेला जाऊनच कळतं.

हा दोष टाळणारे प्रकारही आहेत. एकात मधला लहान गोल एका मध्यम गोलाच्या वर, उभ्या रेषेत बसवलेला असतो आणि मोठे दोन गोल टोकांना. हा चांगला, पण किंमत जास्त. दुसऱ्यात मोठ्या गोलाच्या पोटातच लहान गोल असतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे सरळ पुस्तकाच्या कपाटात मावेल असा एक छोटा उभा स्पीकर मधे ठेवायचा. त्यात एकच मोठा गोल आणि त्याच्यावर लहान. कडेला तो सगळीकडे सारखा ऐकू येतो. फक्त हे स्पीकर जोडीने मिळतात. मग दुसरा मागे लावता येईल, नाहीतर बहिणीशी भागीदारी करा!

दुसरी अट जोडीची. मधला स्पीकर डाव्या-उजव्याशी जुळणारा हवा, शक्यतो त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला. प्रत्येक कंपनीच्या स्पीकरचा आपला एक पोत असतो, जसा प्रत्येकीच्या हातच्या वरणाचा. न जुळणारा लावला की गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिचा आवाज बदलतो. डावे-उजवे आधीच असतील तर मधला त्याच घराण्यातला शोधा. तेवढं जमत नसेल तर निदान बोलण्यासाठी स्वच्छ असा घ्या. कारण गाडीचा आवाज बदलला तर चालतं, संवाद कळला नाही तर चालत नाही.

वॉटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. खोक्यावर 'पीएमपीओ' हजारांत लिहिलेलं असतं, ते निव्वळ विक्रीचं गणित. 'आरएमएस' पाहा, तोच खरा आकडा. आणि तोही फार मनावर घेऊ नका. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने, म्हणजे जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' विचारा. तोच आकडा 86 ऐवजी 89 असेल तर अर्ध्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो. आणि 'ओहम' विचारा. साध्या संचासाठी 6 ते 8 ओहमचा बरा. पण एका डब्यात सगळं मिळणारा संच असेल तर सांभाळा. त्यांचे स्पीकर बहुधा खास त्याच संचासाठी बनवलेले असतात, कधी जोडणीची पिनही वेगळी असते. त्यात बाहेरचा मधला स्पीकर लावायच्या आधी माहितीपुस्तिका वाचा.

ज्यांना वायरींचं जंजाळ नकोच, त्यांनी साउंडबार घ्यावा, पण आकडा वाचून. '2.1' असेल तर त्यात मधला स्पीकर नाही. '3.1' असेल तर आहे. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात! लहान हॉलसाठी, दोन-तीन माणसांसाठी चांगला '3.1' पुष्कळ झाला.

पैशाचं बोलायचं तर ओळखीच्या कंपन्यांचे सुरुवातीच्या श्रेणीतले मधले स्पीकर साधारण दहा ते वीस हजारांच्या घरात असतात. सणासुदीला, नवी मालिका येताना जुन्या मालिकेला चांगली सूट मिळते, आणि आवाजाच्या बाबतीत मागच्या वर्षीचा स्पीकर काही शिळा होत नाही. वापरलेलाही चालतो. पूर्वीच्या डबा टीव्हीजवळ साधा स्पीकर ठेवला की त्याच्या चुंबकाने रंग बिघडायचे, आता सपाट टीव्हीला ती भीती नाही. फक्त गोलाभोवतीची फोमची किंवा रबराची कड बोटाने हळूच पाहा. आपल्या उन्हाळ्यात ती फुटलेली असू शकते. वायरवर हजारो घालवू नका, चांगली तांब्याची सोळा गेजची वायर घरापुरती पुरते. लाल ते लाल, काळा ते काळा एवढं पाळलं म्हणजे झालं.

घरी आणल्यावर तो कुठे ठेवता यावर अर्धं यश आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतात. स्पीकरचा लहान गोल त्यांच्याकडे पाहत असावा. टीव्हीखाली बसवला तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा, दाराला अडकवायचा लाकडी गुटका काहीही लावून तोंड थोडं वर करा. भिंतीवरच्या कपाटात ठेवायचाच असेल तर फळीच्या अगदी कडेला आणा, खोल आत नको. आत ढकलला की माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्याच्यावर गणपती, फुलदाणी, लोकरीचा रुमाल ठेवायचा मोह आवरा. आणि हो, कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या ओलाव्याने पेटीचं लाकूड फुगतं. शक्य असेल तर कूलर एका बाजूच्या खिडकीत आणि आजीची खुर्ची दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करा. फुकटातला हा उपाय कित्येकदा हजारोंच्या वस्तूला भारी पडतो.

काही घरांना मधल्या स्पीकरची गरज नाही, हेही मान्य करायला हवं. नवरा-बायको दोघंच, लहान हॉल, दोघंही पडद्यासमोर मधे बसणारे, आणि डावे-उजवे स्पीकर चांगले. त्यांनी मधला घेऊ नये. सेटिंगमध्ये 'सेंटर नाही' सांगावं आणि वाचलेल्या पैशांत नाटकाची तिकिटं काढून वसंतराव देशपांडे सभागृहात जावं! हलक्या प्रतीचा, न जुळणारा मधला स्पीकर असण्यापेक्षा नसलेला बरा. पण जिथे चार-सहा माणसं, तीन पिढ्या, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून एकच सिनेमा पाहतात, तिथे तो चैनीची वस्तू नाही.

कोणी म्हणतं, एवढं कशाला, सबटायटल लावा. जरूर लावा. पण मराठी कार्यक्रमाला मराठी सबटायटल मिळतातच असं नाही, आणि मिळाली तरी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी ती धावती अक्षरं कशी वाचायची? शिवाय हातात भाजीची टोपली असते. आपल्या घरांत टीव्ही नुसता पाहिला जात नाही. शेंगा सोलता सोलता, मेथी निवडता निवडता तो ऐकला जातो. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं तो असाच ऐकलाय. म्हणून बोलणं स्वच्छ हवं, ही मागणी आपणच करायला हवी.

तेव्हा येत्या दसऱ्या-दिवाळीला घरात होम थिएटरचा विषय निघाला की "मला त्यातलं काय कळतं" असं म्हणून चहा टाकायला आत जाऊ नका. खरेदीला तुम्हीही जा आणि जमलं तर आईंनाही सोबत न्या. दुकानात त्यांच्यासाठी खुर्ची मागा, पण मधे नाही, कडेला मांडायला सांगा. त्यांना कंपनीचं नाव सांगू नका, किंमत सांगू नका. नुसता विचारा, शब्द कळतात का? त्यांनी ज्याला मान डोलावली त्या मधल्या स्पीकरचे पैसे आधी मोजा आणि उरलेल्यात बाकीचं बसवा. सबवूफर काय, पुढच्या दिवाळीलाही घेता येतो.